कूर्माचं मागचं दार

धोंडिबा सुतार गेले तेव्हा त्यांच्या घरात एकही चाक नव्हतं. ज्या माणसानं मळवली, कार्ले आणि पार लोहगडाच्या पायथ्यापर्यंत गावोगाव बैलगाड्या करून दिल्या, त्याच्या पडवीत चाक नाही, आरा नाही, लोखंडी धावेचा तुकडा नाही. माझा मोठा मुलगा उभा राहायला लागला तेव्हा मी हौसेनं त्याच्यासाठी पांगुळगाडा करा म्हणून सांगायला गेलो होतो. त्यांनी मान वर केली नाही. "पाट करून देतो," म्हणाले. आता पाटावर बसून पोर चालायला कसं शिकणार? पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पाट घेऊन घरी आलो आणि बायकोची बोलणी खाल्ली.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. राहायला मळवलीत, धोंडिबाआबांच्या शेजारी. आबा तेव्हा साठीच्या घरात होते. अंगानं काटक, कानामागे शिसपेन्सिल, आणि बोलणं असं की शब्दाला रंधा मारून उरलेलं तेवढंच बाहेर यावं. गावातली माणसं त्यांच्याकडे नांगर न्यायला यायची, चौकटी न्यायला यायची. गाडीचं काम असलं की मात्र गुपचूप कामशेतला जायची. असं का, हे मला इथं राहायला आल्यावर वर्षभरानं कळलं. तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण आबांसमोर तो विषय कुणी काढत नसे.

गोष्ट एकोणसाठ सालची. महिपती नावाच्या ठेकेदारानं लिलावात एक जुना लष्करी ट्रक घेतला होता. लढाईत शिपाई वाहून नेणारा. त्याची लोखंडी बॉडी गंजून चाळण झाली होती, म्हणून महिपतीनं आबांना लाकडी बॉडी करायला सांगितलं. खडीच्या खाणीवर वाड्यांमधून मजूर न्यायचे होते. आदल्या वर्षी एक बाई वळणावर भाड्याच्या ट्रकमधून खाली पडली होती, तेव्हा बाजू उंच हव्यात आणि पावसासाठी वर पत्रा हवा, एवढंच त्यानं सांगितलं. ही मागणी वाईट नव्हती. माणसं पडू नयेत म्हणूनच होती.

आबांनी महिनाभर खपून बॉडी केली. मोठ्या करवतीच्या एका टोकाला आबा आणि दुसऱ्या टोकाला लोहगडवाडीचा कान्हू ठाकर. कान्हू उन्हाळ्यात आबांकडे फळ्या पाडायला यायचा आणि पाऊस ओसरला की खाणीवर जायचा. दोघांची अशी जोडी की करवत ओढता ओढता गप्पा चालायच्या आणि रेघ सूतभरही हलायची नाही. लाकूड कुठलं कधी तोडावं, कुठलं पाण्यात फुगतं, कुठलं फुगत नाही, हे कान्हूला सुताराहून जास्त कळायचं, असं आबा स्वतः सांगत. एकदा त्यानं रानातून शिवणीचा एक ओंडका आणून आबांना नुसताच दिला होता. "भाऊ, ही शिवन हाय. इंद्रायनीत आठ दिस बुडवून ठेवली तरी फुगायची न्हाई. कायतरी चांगलं करा हिचं," म्हणाला होता. आबांनी तो ओंडका माळ्यावर ठेवून दिला.

ट्रकची बॉडी तयार झाली, बाजू पार वरच्या पत्र्याला भिडलेल्या. मागे उघडझाप करायची फळी, म्हणजे फाळका, आणि फाळक्याला कडी. आबांनी ती बाहेरून बसवली.

त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. महिपतीनं नाही, ड्रायव्हरनं नाही. बैलगाडीच्या मागच्या फळीची कडी बाहेरच असते. गाडीत भात असतो, पेंढा असतो, शेणखत असतं. पोतं काही स्वतः कडी काढून उतरत नाही. आबांच्या वडिलांनी तशीच बसवली, आजोबांनी तशीच बसवली, आणि हात आपला वळणानं गेला. त्यात माणसं बसणार आहेत हे आबांना माहीत होतं. पण हाताला ते कुणी सांगितलं नाही.

भाद्रपदात एका सकाळी ट्रक अकरा माणसं घेऊन खाणीवर गेला. जुन्या खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी तुडुंब भरलं होतं. चढावर ट्रक उभा करून ड्रायव्हर पुढचा रस्ता बघायला उतरला. ब्रेक सुटला आणि ट्रक मागे मागे जात पाण्यात उतरला, आधी फाळका आणि मग बाकीचा. ड्रायव्हरनं उडी मारली, पण कडी तोवर पाण्याखाली चार हात गेली होती. लोक सांगत की आतून फळ्यांवर थापा बराच वेळ ऐकू येत होत्या. अकराही जण गेले; त्यांत कान्हू होता आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी गंगी होती.

पंचनामा झाला. त्यात एक वाक्य होतं, ते चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं: बॉडीचं काम मजबूत असून एकही फळी निखळलेली नाही. आबा तिथंच उभे होते. ते ऐकून निघून गेले. पुढे महिपतीनं दुसरा ट्रक घेतला आणि त्याला शहरातून लोखंडी बॉडी करून आणली. त्याचीही कडी बाहेरूनच होती, आणि त्याबद्दल आजतागायत कुणी चकार शब्द काढलेला नाही.

तेराव्यानंतर कान्हूची बायको येसू आबांच्या अंगणात आली. रडली नाही, ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर आबांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या आणि कदाचित थोडे मोकळे झाले असते. तिनं फक्त विचारलं, "भाऊ, कडी आतून का न्हाई ठेवली?" आबांना उत्तर देता आलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग निघून गेली. त्यानंतर ती मोळी विकायला मळवली स्टेशनवर यायची तेव्हा आबांच्या घरावरूनच जायची, पण मान वळवायची नाही.

तेव्हापासून आबांनी चाक असलेली वस्तू केली नाही.

चौदा वर्षं अशी गेली. मग त्र्याहत्तर साली वागळेसाहेब आले.

वागळे मुंबईतले मोठे इंजिनिअर. निवृत्त होऊन मळवलीला बंगला बांधला आणि पहिल्याच पावसाळ्यात कंटाळले. मग त्यांनी एक खेळ शोधून काढला. साल एकवीसशे पन्नास, जागा मंगळ ग्रह, आणि तिथं दोन सैन्यांचं युद्ध. बंगल्याच्या दिवाणखान्यात दोन पलंगांएवढं टेबल मांडलं, त्यावर कार्ल्याहून आणलेला लाल मुरूम पसरला, टेकड्या केल्या. सैन्य किती सरकायचं ते टेपनं मोजायचं, कोण मेला ते फाशांवर ठरवायचं. नियमांचं इंग्रजीत टंकलिखित पुस्तक दीडशे पानांचं होतं. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला ते हा खेळ विकणार होते. लहान पोरांनी मातीत खेळावं तसं हे साठ वर्षांचं पोर मुरमात खेळत होतं. आणि मी त्यांच्या भोवती भोवती नाचत होतो, हेही कबूल करतो. मला खुर्ची मिळायची, चिनी मातीच्या कपातून चहा मिळायचा, आणि साहेब मला 'आमचे आर्टिस्ट' म्हणायचे. शाळेत मला कुणी आर्टिस्ट म्हटलं नव्हतं. मुख्याध्यापक तर माझ्या तासाला मुलांना बागेत पाणी घालायला पाठवायचे.

त्या खेळातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाहन म्हणजे 'कूर्म'. सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी. कासवासारखी पाठ, आत बारा शिपाई. साहेबांनी तिचा नकाशा असा काढला होता की मी थक्क झालो. फक्त ती लाकडात करणारा माणूस हवा होता. शेखी मिरवायची खोड मला पहिल्यापासून आहे. म्हणालो, "माझ्या शेजारी आहे एक कारागीर."

बोलून गेलो आणि मग जीभ चावली. गाडी म्हटल्यावर आबा मला दारात उभं करणार नव्हते. तरी गेलो.

नकाशा पाहून आबांनी पहिला प्रश्न विचारला, "चाकं कुटं हायती?"

"चाकं नाहीत, आबा. ही हवेवर तरंगत जाते. जमिनीपासून हातभर वर."

आबा जरा सैलावले. नकाशा उजेडाकडे धरला. "हे काय भरलंय आत?"

"शिपाई. बारा जण."

"उतरनार कुटनं?"

मी नियमांचं पुस्तक उघडलं. कूर्माला बाजूनं दार नव्हतं. पाठीवरचं झाकण उघडायचं, आणि त्याची कळ बाहेर होती, तळावरच्या माणसांच्या हातात. मंगळावरची हवा विषारी. आतल्या एखाद्यानं घाबरून मध्येच दार उघडलं तर बाराही मरतील, म्हणून साहेबांनी कळ आत ठेवलीच नव्हती. मी हे सगळं मोठ्या कौतुकानं मराठीत समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर आबांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मी पुस्तक मिटलं.

ते उठले, शिडी लावून माळ्यावर गेले आणि एक ओंडका घेऊन खाली उतरले. चौदा वर्षांची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

"करतो," म्हणाले. "पन मागं दार ठेवनार. आन् कडी आतनं. साहेबाला विचारा, चालंल का."

त्या वेळी मी साहेबांकडे जाऊन विचारायला हवं होतं. पण समोरच्याला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं. मी म्हटलं, "चालेल की! न चालायला काय झालं?"

दीड महिना आबा ते काम करत होते. मी रोज शाळेतून आल्यावर जाऊन बसायचो. वीतभर लांबीची ती गाडी, पण तिच्यावर त्यांनी बैलगाडीएवढी मेहनत घेतली. पाठीचं झाकण उचललं की आत दोन्ही बाजूंना बाकं. मागे बोटाच्या दोन पेरांएवढं दार, पितळी तारेची बिजागरी, आणि आतल्या अंगाला म्हशीच्या शिंगाची कडी, चिंचोक्याहून लहान. झाकण उचलून आत करंगळी घातली आणि कडी नखानं सरकवली की दार आपल्याआप खाली पडायचं आणि त्याचीच उतरण व्हायची. आबा ते पुन्हा पुन्हा करून बघायचे. करंगळी आत, टिक्, दार खाली. त्या आवाजाला त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला तिथं बसणं अवघड वाटायचं.

मग शिपाई केले. प्रत्येक शिपाई जोंधळ्याच्या कणसातल्या अळीएवढा असेल नसेल. पण मी चित्रकलेचा माणूस, मला दिसल्याशिवाय राहतंय का? एकाच्या डोक्याला मुंडासं होतं. दोघींच्या कमरेला काष्टा होता. एकीच्या पाठीवर वेणी होती. असे अकरा मोजले. बाराव्याला चेहराच नव्हता, नुसती खुंटी.

"हा राहिला का, आबा?"

"न्हाई. तो तसाच. त्यो दारापाशी बसनारा. कडी काढायचं काम त्येचं."

मग आबांनी मला मनातलं सांगितलं. खेळ झाला की साहेबांकडून घटकाभरासाठी ही गाडी मागून घ्यायची. येसूला दाखवायची. तिच्यासमोर झाकण उचलायचं आणि दार उघडून दाखवायचं. "तिनं इचारलेलं ऱ्हायलंय माझ्याकडं," म्हणाले. "तोंडानं सांगाया मला आजून बी येत न्हाई, मास्तर. हातानं सांगतो. येकदा तिच्या देखत दार उघडलं, की म्या सुटलो."

इतक्या वर्षांच्या शेजारात ते माझ्याशी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.

रंगकामासाठी मी कूर्म बंगल्यावर नेला. साहेब हरखून गेले. उलटापालटा करून बघितला, आणि त्यांचं बोट मागच्या दारावर थांबलं.

"हे काय?"

"दार आहे, साहेब. आबांनी हौसेनं केलंय."

"काम सुरेख आहे," साहेब म्हणाले. "पण मास्तर, पुस्तकात मागच्या चिलखताचं बळ सहा धरलंय. दार आलं की ते चारावर येतं. खेळायला येणारी पुण्याची मंडळी लगेच तिथंच गोळा घालतील आणि दिवसभर वाद घालत बसतील. बुजवून टाका."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांना ती गाडी आकड्यांची दिसत होती. मला मात्र ती कशाची आहे हे माहीत होतं. आबांचं सगळं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती, आणि साहेबांनी ऐकलंही असतं. पण दिवाणखान्यात त्यांचे दोन पाहुणे बसले होते. त्यांच्यादेखत 'आमच्या आर्टिस्ट'नं खेड्यातल्या सुताराचं रडगाणं कुठं लावायचं? मी म्हणालो, "हो साहेब."

लाकडाच्या फटी बुजवायला रंगारी जी लांबी वापरतात ती मी दाराच्या चारी कडांना भरली. आतून शिंगाच्या कडीवरही एक बोट फिरवलं. वाळल्यावर घासलं. वर करड्या रंगाचे दोन हात दिले. शिपायांनाही तोच रंग दिला, सगळ्यांना एकसारखा गणवेश. वेणी रंगाखाली गेली, काष्टा गेला, मुंडासं गेलं. काम मोठं सफाईदार झालं होतं. दार कुठं होतं, हे मलाही शोधावं लागलं असतं.

आबांना मी काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, खेळ एकदा होऊन जाऊ दे, मग सुईनं लांबी कोरून काढू आणि नंतर येसूला दाखवू. एवढी साधी गोष्ट. आबा इतके उतावीळ असतील हे मला कुठं ठाऊक होतं?

खेळाच्या रविवारी पुण्याहून मोटारीतून तिघं जण आले. मी बशीत बिस्किटं मांडत होतो आणि फाटकाची कडी वाजली. बघतो तर आबा. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. आणि त्यांच्या मागे येसू. केस सगळे पांढरे झालेले, हातात काठी. आदल्या दिवशी आबा स्वतः चालत लोहगडवाडीला गेले होते, चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिच्या दारात उभं राहून म्हणाले होते, उद्या खाली ये, तुला कायतरी दावायचंय. आणि ती आली होती.

साहेबांनी मोठ्या मनानं दोघांना आत घेतलं. खिडकीपाशी बसा म्हणाले. आबा खाली टेकले, येसू भिंतीला पाठ लावून बसली. मला अजूनही सांगता आलं असतं. आबांना बाजूला बोलावायचं आणि कानात म्हणायचं, आज नको, दार बुजवलंय. पाच पावलांचं अंतर होतं. मी बिस्किटं वाटत राहिलो.

खेळ सुरू झाला. कूर्म लाल मुरमावरून निघाला. एक टेप धरायचा, दुसरा आकडा लिहायचा. येसूला त्यातलं काय कळत होतं देव जाणे, पण तिची नजर त्या करड्या गाडीवरून हलत नव्हती. तासाभरानं पुण्याच्या एका पाहुण्यानं टेकडीआडून तोफ काढली, फासे टाकले. दोन्हींवर सहा पडले.

"कूर्म खलास!" तो ओरडला. "बाराही बाद!"

सगळे हसले. साहेबांनी झाकण उचललं आणि आतले शिपाई चिमटीनं एकेक काढून सिगारेटच्या डब्यात टाकायला सुरुवात केली.

आबा उठले. "साहेब," म्हणाले, "त्येला मागं दार हाय. त्ये उतरतील की."

"आबा, नियमात दार नाही ना," साहेब समजुतीनं म्हणाले.

आबा म्हणाले, "बरं. आता तुमचं झालं आसंल तर मला घटकाभर द्याल का? हिला दावायचीय."

"न्या की. तुमच्याच हातची आहे."

आबांनी कूर्म दोन्ही हातांत घेतला आणि येसूपुढे गुडघे टेकून बसले. झाकण उचललेलंच होतं. "येसू," म्हणाले, "तू इचारलं व्हतंस. हे बग." आणि करंगळी आत घातली.

टिक् झालं नाही.

त्यांनी पुन्हा नख लावलं. मग अंगठ्यानं बाहेरून दाबलं. मग झाकण बाजूला ठेवून दोन बोटं आत घातली. करंगळीचं नख मुळाशी मोडलं आणि रक्त आलं. आबांचा फेटा घसरला, तो त्यांनी सारखा केला नाही. दार शोधत त्यांचं बोट त्या करड्या रंगावरून फिरत राहिलं. मी तीन हातांच्या अंतरावर रिकामी बशी धरून उभा होतो.

येसूनं हात पुढे करून आबांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "न्हाई उघडत ती."

आबा म्हणाले, "लाकूड फुगलं आसंल."

ती काठी टेकत उठली आणि गेली. थोड्या वेळानं आबाही गेले. कूर्म त्यांनी साहेबांच्या टेबलावर जागच्या जागी नीट ठेवला होता.

त्यानंतर आबांनी हत्याराला हात लावला नाही. पडवीत खाट टाकून पडून असायचे. कुणी नांगर घेऊन आलं तर हातानंच नको म्हणायचे. सांगायला जावं असं रोज मनात यायचं, आणि मी रोज उद्यावर टाकायचो. महिन्याभरानं साहेबांचा खेळावरचं मन उडालं. परदेशी कंपनीनं लाकडी नमुने नकोत, आम्ही प्लास्टिकचे करू, असं काहीतरी कळवलं होतं. बाकीचं सामान बांधून ते मुंबईला गेले. त्यात शिपायांसकट तो सिगारेटचा डबाही गेला. रिकामा कूर्म मला दिला, "मुलाला खेळायला न्या," म्हणून.

त्या दुपारी मी दाभण घेऊन बसलो आणि सगळी लांबी कोरून काढली. शिंगाची कडी कापसानं पुसली. करंगळी आत घातली. टिक्. दार खाली पडलं. पहिल्या दिवशीसारखंच, कणभरही न अडकता. मी गाडी उचलली आणि तसाच आबांकडे गेलो.

खाटेशेजारी बसून त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी काय म्हटलं, मी काय केलं, येसूच्या देखत कसा मूग गिळून उभा राहिलो. बोलताना रडू आलं, ते मी आवरलं नाही. वाटलं होतं, आता उठून कानशिलात देतील. आबा छताकडे बघत होते.

"मला ठावं व्हतं," म्हणाले.

"काय?"

"शिवन फुगत न्हाई, मास्तर. कान्हूनं सांगितलं व्हतं मला. बोट लावलं तवाच लांबी कळली. तुमच्या हाताला वास व्हता तिचा."

"मग तेव्हाच का नाही बोललात? माझं नाव का नाही घेतलंत तिच्यासमोर?"

"घिऊन काय करायचं? पैल्यांदा म्या बाहीरनं लावली, दुसऱ्यांदा तुमी. तिला काय फरक पडतो?"

मी कूर्म त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "उद्या मी येसूमावशीला घेऊन येतो. पाय धरून आणतो. आता उघडतंय, आबा. बघा तरी."

त्यांनी झाकण उचललं. करंगळी आत घातली, तिचं नख अजून पुरतं आलेलं नव्हतं. टिक्. दार पडलं. ते उघड्या दारातून आत बघत राहिले. दोन्ही बाकं रिकामी होती.

"आता आत कोन हाय, मास्तर?" म्हणाले, आणि गाडी माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी कूस बदलली.

पौषात आबा गेले. येसूला निरोप धाडला होता. ती आली, अंगणात जिथं चौदा वर्षांपूर्वी उभी राहिली होती तिथंच उभी राहिली, आणि तिरडी उचलल्यावर वाडीकडे निघून गेली. कूर्म दाखवू का, असं तिला विचारायचं धैर्य मला झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात तीही गेली, असं स्टेशनवर मोळी विकणाऱ्या बायकांकडून कळलं.

कूर्म माझ्या घरी कोनाड्यात आहे. मुलांना मी त्याला हात लावू देत नाही. कधी झाडताना बायको त्याचं दार लावते, मग मी ते पुन्हा उघडून ठेवतो. दार दिवसरात्र उघडं असतं. त्यातून कुणीही बाहेर येत नाही.